चार बोटं शेवाळ

शुक्रवारी सकाळी अल कुसैसहून निघालो, तेव्हा श्रीकांत इतका खुशीत होता की गाडी सुरू व्हायच्या आधीच त्याने डब्यातलं एक घावन संपवलं. कारणही तसंच होतं. मालवणात होड्यांवर वाढलेला माझा नवरा दुबईत आल्यापासून बसला होता तो फक्त ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीत. आज ऑफिसच्या पीआरओचे मामा, अबू जुमा, त्याला दिब्ब्याच्या समुद्रात गरगूर (मासे पकडायचा तारेचा सापळा) टाकायला होडीतून नेणार होते. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता.

"बाबा, आर वी देअर?" मागून आमची सई. अजून शारजाही ओलांडलं नव्हतं.

धैद मागे पडलं, वाळू संपली आणि करडे, बोडके डोंगर सुरू झाले. मसाफीच्या बाजारात गालिचे आणि कलिंगडांच्या मधे उभं राहून करक (वेलची घातलेला कडक चहा) प्यायलो. मग डोंगर उतरला आणि समोर निळा समुद्र आला. श्रीकांत गप्प झाला. हा माणूस गप्प झाला की ओळखावं, त्याला फार आनंद झालाय.

सत्तरीचे अबू जुमा किनाऱ्यावर वाटच पाहत होते. आधी खजूर झाले, गहवा (बिनदुधाची कॉफी) झाली, मग ते कोयता घेऊन उठले.

"पहले खाना लाएगा. हमारा नहीं, मछली का."

साफी नावाचा मासा शेवाळावर जगतो, म्हणून गरगुरात आमिषही शेवाळाचंच. ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकावर ते लांब, तपकिरी, मण्यांसारख्या गाठींचं शेवाळ लोळत होतं. अबू जुमा एक झुबका हातात धरत, मुळापासून चार बोटं सोडत आणि कापत. शेजारच्या झुबक्याला हात न लावता पुढे सरकत.

श्रीकांतला मदतीचा उमाळा आला. परसातला माठ उपटावा तसं त्याने दोन्ही हातांनी ओढलं. शेवाळ तर आलंच, त्याला चिकटलेला नारळाएवढा दगडही आला आणि साहेब पाण्यात बसले.

"बाबा, दॅट्स नॉट भाजी!" सई ओरडली.

मी पोट धरून हसले. अबू जुमा हसले नाहीत.

"खलास! तुम इधर बैठो. नाव में नहीं आएगा."

"चाचा, गलती हो गया."

"पहले वो कोने तक सब भरा था. लोग आया, लोहे का पंजा से सब खींचा. अब इतनाच बचा है. जड़ गया तो घास गया, घास गया तो साफी भी गया."

श्रीकांतचं तोंड इतकंसं झालं. तो एकदा होडीकडे पाहत होता, एकदा हातातल्या दगडाकडे. मला मघाच्या हसण्याची लाज वाटली. मग तो पुन्हा पाण्यात उतरला, खडकात एक फट शोधली, दगड तीत बसवला आणि चहूबाजूंनी चिपा ठोकून घट्ट केला. गावी दगडांचा गडगा घालतात तसा. एक मोठी लाट येऊन गेली. शेवाळ झोपलं, पुन्हा उठलं. दगड हलला नाही.

अबू जुमांनी कोयता पुढे केला. "यल्ला. अब काटो. चार उंगली छोड़ के."

होडी निघाली तेव्हा श्रीकांतने ठोकलेली आरोळी डोंगरापर्यंत गेली असेल. परत आला तो आधी टाकून ठेवलेल्या गरगुरांतले साफी मासे घेऊनच. दुपारी एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसून मच्छबूस (मसालेदार मासे-भात) खाल्ला. श्रीकांतने बोटं चाटली, आणि कुणी बघत नाहीसं पाहून मीही चाटली.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. अबू जुमांनी गहवाही न देता थेट खडकावर नेलं. दगड तिथेच होता आणि त्यावरचं शेवाळ गुडघ्याएवढं झालं होतं. आजूबाजूचं कापलेलं, तेवढं एक राखलेलं.

"ये तुम्हारा है. तुम काटो."

श्रीकांतने कापलं, पण चार बोटांऐवजी चांगलं वीतभर सोडून.

"बहुत छोड़ा, हबीबी!"

"अगले साल भी आएगा ना, चाचा."

"इन्शाल्ला."

परतताना सई झोपली होती. श्रीकांत पुन्हा गप्प होता, तसाच, आनंदातला. अल कुसैसचं घर भाड्याचं, व्हिसा कंपनीचा, कधी निघा म्हणतील ते सांगता येत नाही. पण या देशात आता आमचं म्हणावं असं काहीतरी होतं. दिब्ब्याच्या पाण्याखाली, वीतभर उंचीचं.