तिसरा पुकारा

गावाकडं माझी ओळख 'न्याय खात्यातली' अशी आहे. खरं तर मी शेजारच्या तालुक्याच्या कोर्टात लिपिक. पण नातेवाइकांना वाटतं, माझी खुर्ची साहेबांच्या शेजारीच असते आणि निकाल देण्याआधी ते एकदा माझ्याकडं बघतात. हा गैरसमज मी कधी दूर केला नाही. उलट लग्नकार्यात बायका घेरून बसल्या की मी सगळा कारभार उलगडून सांगायची. दावा कुठं दाखल होतो, समन्स घेऊन फिरतो तो बेलीफ, कागद सांभाळतो ते आम्ही, दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारतो तो शिपाई. आमच्या वर नांदेडचं जिल्हा न्यायालय, त्याच्याही वर खंडपीठ. सरकारचं विधी व न्याय खातं पैसा पुरवतं, पण निकालात त्याला नाक खुपसता येत नाही, हे सांगताना माझा आवाज जरा चढायचाच.

अशाच एका कार्यात मी बोलून गेले, "बापाच्या जमिनीत लेकीचा लेकाइतकाच वाटा असतो. कायदाच आहे तसा." आई बाजूला शेंगा फोडत बसली होती. तिनं ते ऐकलं.

पुढं आईकडचे आजोबा वारले आणि मामा आमच्याकडं लोह्याला साडी आणि हक्कसोडीचा कागद घेऊन आला. रीतच आहे ती. भावानं साडीचोळी करायची, बहिणीनं सही करून आपला वाटा सोडायचा आणि माहेर शाबूत ठेवायचं. आईनं साडी घेतली, सही दिली नाही. "मी काय तिथली पाव्हणी हाय का?" एवढंच म्हणाली. मामा न जेवता गेला. त्या भाऊबीजेला तो आला नाही, आणि आईनं वाटणीचा दावा टाकला.

मामाचं गाव नेमकं माझ्याच कोर्टाच्या हद्दीत. मी रीतसर अधीक्षकांच्या कानावर घातलं. दावा दुसऱ्या साहेबांपुढं चालणार होता, त्या कागदांना माझा हातही लागणार नव्हता. तरी दावा पहिल्यांदा लागला त्या दिवशीच्या बोर्डावर आईचं नाव, मधे 'विरुद्ध' आणि खाली मामाचं नाव बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज लोकांच्या घरची भांडणं हाताळणारी मी, पण आपलं घर बोर्डावर लागलं तेव्हा कळलं काय असतं ते. "काय मॅडम, घरचंच गिऱ्हाईक?" असं शेजारच्या टेबलावरून कुणी तरी म्हणालं. मी हसले आणि आतून जळाले.

त्या रात्री फोनवर आईला सांगितलं, "कोर्टात आलीस तर मला हाक मारू नकोस. आमचा नियम आहे."

असा कुठलाच नियम नाही.

आईनं तो नियम प्रत्येक तारखेला पाळला. माझ्या दारावरून जाताना ती पदर सावरायची आणि समोर बघत पुढं व्हायची.

तिच्या उलटतपासाचा दिवस मागच्या पावसाळ्यानंतर आला. आधीच्या तारखा काही ना काही होऊन वाया गेल्या होत्या, म्हणून साहेबांनी शेवटची संधी दिली होती. आता तीन पुकाऱ्यांत ती हजर झाली नाही तर दावा फेटाळला जाणार. मामा सकाळच्या एसटीनं उपाशीच आला होता. थोड्या वेळानं खिडकीशी हशा ऐकू आला. "बघा बघा, वादी प्रतिवादीला जेवू घालून राहिली!" खाली लिंबाखाली आई मामाच्या हातावर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवत होती. "उपाशीपोटी भांडाय आला का?" तिचा आवाज वरपर्यंत आला. मामा मान खाली घालून खात होता. मी खिडकीपासून सरकले. लाजेनं माझे कान तापले होते.

जेवण झाल्यावर मामा वर व्हरांड्यात येऊन बसला. आई डबा धुवायला मागच्या नळावर गेली, आणि तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला.

मी माझ्या दारातच उभी होते. आईचे वकील नांदेडला अडकले होते, त्यांचे ज्युनिअर अजून पोचले नव्हते. व्हरांड्यात वकील, पोलीस, मामाच्या गावची माणसं. कठड्याशी जाऊन "माय" म्हणून एक हाक मारायची, एवढंच काम. पण त्या सगळ्यांदेखत मी ती हाक मारली नाही. शिपायानं दुसऱ्यांदा नाव घेतलं. मामाच्या वकिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बसून राहा म्हणून. मामानं वर पाहिलं. त्याची नजर सरळ माझ्यावर आली. मी हातातल्या फायलीत डोकं घातलं.

तिसरा पुकारा सुरू झाला तसा मामा वकिलांचा हात झटकून उठला आणि कठड्यावरून वाकून ओरडला, "अक्का! ए अक्का! तुझा पुकारा होऊन राहिला, पळ लौकर!"

आई ओल्या हातानंच धावत आली.

उलटतपास झाला. मामाच्या वकिलांनी तिला भरपूर छळलं, ती डगमगली नाही. मामानं तिचा वाटा दिलेला नाही. दावा अजून चालूच आहे, आणि जमीन देणार नाही असं तो आजही छातीठोकपणे सांगतो.

संध्याकाळी मी स्टँडवर गेले. दोघं एकाच बाकड्यावर आपापल्या गाड्यांची वाट बघत बसले होते. मला सगळं सांगून टाकायचं होतं. "माय, सकाळी मी..." एवढंच बोलले.

आईनं माझा हात धरून मला शेजारी बसवलं आणि मामाला म्हणाली, "हिच्यावर रुसू नको रे. तुला वळख दिली न्हाई म्हणून वाईट वाटून घेऊ नको. कोर्टात हाक माराय परवानगी न्हाई हिला. नियम हाय तसा."

मामानं माझ्याकडं पाहिलं, मग खाली स्वतःच्या चपलांकडं.

"हाव अक्का," तो म्हणाला, "मला ठाव हाय."