आधी फोटो, मग सिरका

आमच्या भाऊजींनी आयुष्यात एकाही माणसाला सुखानं खोकू दिलं नाही. समोरच्यानं खोकायला तोंड उघडलं रे उघडलं, की भाऊजींचा हात खिशात जायचा आणि बाहेर यायची ती गडद जांभळी बाटली. त्यांच्या देखत ठसका लागला तरी शहाणी माणसं तो तसाच गिळून टाकत. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राजूरच्या कोळसा खाणीत तीस वर्षं जमिनीखाली पंप चालवला त्यांनी, पण पंपवाले म्हणून त्यांना गावात कुणी ओळखत नाही. ओळखतात ते सिरक्यासाठी. जांभळाच्या रसाचा आंबट सिरका आणि त्यात थंडीसाठी मुरवलेली औषधं. हा सिरका ज्याच्या घशाखाली गेला नाही असा माणूस राजूरमध्ये सापडणं कठीण, आणि जो सापडेल तो नक्की नवीन बदलून आलेला असणार.

या सिरक्याचं सोवळं काय सांगू! जांभळं खाली पडलेली चालायची नाहीत. झाडाखाली चादर धरायची, वर कुणीतरी फांदी हलवायची. चादरीची दोन टोकं ताईच्या हातात, आणि मी उमरखेडहून गेलेली असले की उरलेली दोन माझ्या. मी शाळेत शिकवते, पण जून महिन्यात माझे हात आठवडाभर असे जांभळे असायचे की पोरं पाढे म्हणायचं सोडून त्यांच्याकडेच बघत बसायची. रस काढून चिनी मातीच्या बरणीत भरला की बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं. राजूरला कोळशाचे ट्रक दिवसभर धावतात, काळी धूळ भाकरीवरसुद्धा बसते, म्हणून ते फडकं सकाळ-संध्याकाळ बदलायचं आणि ताईनं धुवायचं. पुढे चिलटं यायला लागली, तेव्हा भाऊजींनी पलंगावरची मच्छरदाणी काढून बरणीवर लावली. पावसाळाभर बरणी मच्छरदाणीत आणि नवरा-बायको उघड्यावर! मी म्हटलं, "भाऊजी, ताईले फोडून खाल्लं मच्छरांनी." तर म्हणतात, "आमाले चावले तं खाजवता येते व. सिरक्यात चिलट पडलं तं वर्स गेलं ना बाप्पा!"

दसऱ्यापर्यंत रस चांगला आंबट होई. मग त्यात ठेचलेलं आलं, लसूण, ओली हळद, मिरे, ओवा, अडुळशाची पानं, आणि एक लाल मिरची, जिच्याबद्दल पिणाऱ्याला आधी कधीच सांगितलं जात नसे. महिनाभर मुरलं की कार्तिकी पुनवेला गाळायचं आणि झरीकडच्या जंगलातून एक ओळखीचा कोलाम आदिवासी आणून देई तो मध घालायचा. डोस, गरम पाण्यात एक चमचा. तो प्यायल्यावर रुग्णानं हलायचं नाही. भाऊजी समोर बसून त्याच्या कानांकडे टक लावून पाहणार. कान लाल झाले की औषध लागू पडलं. नाही झाले, तर दुसरा चमचा. माणसं मग स्वतःचे कान हातानं चोळून चोळून लाल करून घेत आणि सुटका करून घेत.

खोकल्याच्या नुसत्या आवाजावरून ते त्याची कुळी सांगायचे. हा धुळीचा, हा पित्ताचा, हा सुनेला ऐकू जावा म्हणून काढलेला. माझ्या लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकाला गुरुजींना ठसका लागला. अंतरपाट धरलेला, माझ्या हातात हार, सगळा मांडव अक्षता मुठीत धरून उभा, आणि आमचे भाऊजी गर्दीतून वाट काढत थेट पाटापाशी. "महाराज, आ करा." महाराजांनी घाबरून आ केला. पुढचं मंगलाष्टक त्यांनी असं काही खणखणीत म्हटलं, की माइकवाला धावत येऊन आवाज कमी करून गेला. आमचे हे आजही ऐकवतात, अंतरपाट दूर झाला तेव्हा मला आधी दिसले ते बाटलीला बूच लावणारे तुझे भाऊजी, तू नंतर.

आणखी एक. भाऊजींना काचेच्या, घट्ट झाकणाच्या बाटल्या लागत, आणि गावात तशा बाटल्या कशाच्या मिळतात ते सांगायला नको. त्या वर्षांत नदीपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती आणि ताईची मुलगी तिकडेच दिलेली. भाऊजी पिशवीत अशा सहा बाटल्या घेऊन बसमध्ये बसले. पुलापाशी तपासणी. हवालदारानं पिशवी उघडली आणि कपाळाला हात लावला. "काका, या वयात?" त्याचा आवाज ऐकून भाऊजींनी मान हलवली. "साहेब, तुमचा घसा बसलेला हाय. किती दिस झाले?" हवालदारानं खात्री करायला म्हणून एक घोट घेतला. पाच मिनिटं तो रस्त्याच्या कडेला उभा राहून नुसता डोळे पुसत होता. सगळी बस साक्षीला उतरली. शेवटी चार बाटल्या परत मिळाल्या, दोन जप्त झाल्या. त्यातली एक हवालदाराच्या आईसाठी होती असं पुढच्या हिवाळ्यात कळलं, कारण त्यानं बस थांबवून आणखी एक मागितली.

हे सगळं मी हसत सांगते खरी. पण आता खरं सांगायची वेळ आली.

ताईला खोकला होताच. राजूरमध्ये थंडीत कोण खोकत नाही? भाऊजींनी ऐकलं आणि सांगून टाकलं, "धुळीचा हाय." एक चमचा सुरू झाला, थंडी सरली, खोकला कमी झाला. दुसऱ्या हिवाळ्यात परत आला, तेव्हा दोन चमचे. त्या वर्षी तो उन्हाळ्यातही पुरता गेला नाही. दिवाळीला मी गेले तर ताईच्या झंपराच्या बाह्या दंडावर ढगळ झालेल्या. मी म्हटलं, "भाऊजी, एकदा वणीले नेऊन तिच्या छातीचा फोटो काढा." त्यांना राग आला. "अख्खं गाव माह्या दारात येते औषधाले, अन् मी घरच्या बाईले घेऊन दवाखान्यात बसू? लोकं काय म्हनतीन?" ताईनंही त्यांचीच बाजू घेतली. "कायले नेतं वो फोटोले? याहिचा सिरका हाय ना." मी एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. मग सुट्ट्या संपल्या, शाळा उघडली, आणि मी उमरखेडला निघून आले. हे मी कुणाला सांगत नाही, पण असंच झालं.

संक्रांतीच्या आधी ताईच्या पदराला रक्त लागलं. मग वणी, मग नागपूर. फुफ्फुसात गाठ होती. तिथले डॉक्टर भले माणूस, आवाज न चढवता म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी एक साधा फोटो काढला असता तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. भाऊजी त्यांच्याकडे बघत राहिले, ते पुरं करतील म्हणून. ताई चैत्रात गेली. शेवटच्या दिवसांतही भाऊजी गरम पाणी आणि चमचा घेऊन तिच्या उशाशी बसत, आणि ती डोळे मिटून तो घेत असे.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी भाऊजींनी एक एक बरणी अंगणात नेऊन पालथी केली. आंबट वास घरभर पसरला. मी ओसरीत उभी राहून पाहत होते आणि मला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली नाही. या माणसाला मी कधी माफ करणार नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात राजूर मनमोकळं खोकलं. कुणाच्याही खिशातून बाटली निघाली नाही. नंतरच्या ज्येष्ठात मात्र शेजारच्या एका म्हातारीनं जांभळांची टोपली त्यांच्या दारात आणून ठेवली आणि हटूनच बसली. "तुया हातचं घेतल्याबिगर माही थंडी जात नाही रे बावा." भाऊजींनी सिरका घातला. पण नवीन कायदा काढला. आधी फोटो, मग सिरका. छातीचा फोटो काढून आणल्याशिवाय कुणालाही चमचासुद्धा मिळणार नाही. घरचा म्हणून सूट नाही, पाव्हणा म्हणून नाही, लहान-मोठं काही नाही. खोकणारी माणसं बसनं वणीला जात आणि काळ्या फिल्मा काखोटीला मारून भाऊजींच्या ओट्यावर रांगेत बसत. भाऊजी प्रत्येक फिल्म सूर्याकडे धरून बराच वेळ निरखत. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. निरखून झालं की विचारत, "डॉक्टर काय म्हनला?"

एक दिवस जवळच्या तांड्यावरची बंजारा आजी आली आणि नियम ऐकून जी भडकली! "चमचाभर सिरक्याले फोटो? अरे माह्या लगनात कोनी माहा फोटो नाही काढला!" भाऊजींनी तिच्याशी वाद घातला नाही. तिला हाताला धरून बसमध्ये बसवलं, वणीला नेलं, फोटो काढला. त्यात क्षयाचा डाग निघाला. सरकारी गोळ्या सहा महिने चालल्या आणि आजी ठणठणीत झाली. आता ती तांडाभर सांगत फिरते, सिरक्यानं मी वाचले म्हणून. भाऊजी तिच्यामागे ओरडत जातात, "सिरक्यानं नाही व माय, गोळ्यायनं! गोळ्यायनं!" कुणी ऐकत नाही.

या पौषात मी राजूरला गेले तेव्हा भाऊजी स्वतःच खोकत होते. शेजारी म्हणाले, तीन आठवडे झाले. मी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "भाऊजी, तुमचा फोटो कुठी हाय?"

"मले कायचा फोटो? माहा साधा खोकला हाय."

"ताईचाही साधाच होता."

हे बोलायला नको होतं. पण माझी जीभ अशीच आहे, शाळेतही आणि घरीही. भाऊजी ओट्यावर खाली बसले. खोकल्याची एक उबळ ओसरल्यावर म्हणाले, "मले बिमारीचं भेव नाही व. तीस वर्सं मी खाली होतो. घरी येऊन थुकलो तं काया थुका पडे. अन् थे वरतं होती, चुलीपाशी, उन्हात. माह्या फोटोत काही निंगालं तं निंगू दे, मी सुटलो. पन साफ निंगाला तं? मंग मी कोन्या तोंडानं राहू इथी?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्यांना वणीला घेऊन गेले. लहान मुलासारखं हाताला धरूनच न्यावं लागलं. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली. "छाती स्वच्छ आहे, काका. थंडीचा खोकला आहे, आठ दिवसांत जाईल."

"नीट पाहा ना साहेब. कोयसा खानीतला मानूस हाय मी."

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं आणि हसून म्हणाले, "म्हणूनच सांगतो, नशीबवान आहात."

बाहेरच्या बाकावर भाऊजी ती फिल्म मांडीवर घेऊन बसले आणि मोठ्यानं रडले. येणारे-जाणारे थांबत होते, आमच्याकडची फिल्म बघून काही वाईट निघालं असेल असं समजून चुकचुकत होते. एक बाई तर मला पाण्याची बाटली देऊन गेली. मी कुणाला काय सांगणार, की यांची छाती चांगली निघाली म्हणून हे रडतायत? मीही रडत होते. ज्या माणसाला माफ करायचं नाही असं ठरवलं होतं त्याची पाठ माझ्या हाताखाली हुंदक्यांनी हलत होती, आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की आता हे रडणं थांबू नये, सगळं निघून जाऊ दे.

घरी आल्यावर मी पाणी तापवलं, चमचाभर सिरका घातला आणि त्यांच्या हातात पेला दिला. आजवर दुसऱ्या कुणी त्यांना सिरका करून दिला नव्हता. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"तिले हे आवडत नव्हतं," ते म्हणाले.

"माहीत होतं तुमाले?"

"पह्यल्या दिसापासून. घोट घेतला का तोंड फिरवून पदरानं पुसे. मले वाटे, औषध हाय, कडूच राह्यन." त्यांनी पेला खाली ठेवला. "पन मी तिले कधी इचारलंच नाही, दुखते कुठी म्हनून. नुसता चमचा पुढं करत गेलो."

"मीही नाही विचारलं, भाऊजी," मी म्हटलं. "फोटो काढा म्हटलं अन् बस पकडली. तिच्यापाशी बसून, काय होते तुले, असं मीही नाही विचारलं."

हे मी पहिल्यांदाच कुणाजवळ बोलले. भाऊजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पेला माझ्याकडे सरकवला. उरलेला मी प्यायले. मग आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो, आणि उमरखेडची बस मी त्या दिवशी जाऊ दिली.