पाला खाणाऱ्या डायनोसॉरची चौकशी

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आजची गोष्ट आजच लिहून ठेवतो.

सकाळी शेजारच्या बाबूअण्णांनी नव्या मास्तरांच्या बदलीचा अर्ज माझ्यापुढं धरला. "पोरांना थापा शिकवतोय. म्हणे पन्नास बैलांएवढं जनावर नुसत्या पाल्यावर जगायचं! करा सही."

मलाही संशय होताच. पण दात पाहिल्याशिवाय आपण बैल घेत नाही, म्हणून आधी शाळेत गेलो. भिंतीवर डायनोसॉरचं चित्र टांगलेलं होतं.

"मास्तर, याचे दात कसे?"

"पेन्सिलीसारखे. पाला ओरबाडायचा आणि न चावता गिळायचा. पोट एवढं मोठं, की तो आतच आंबून पचायचा."

"रवंथ न्हाय, शिंगं न्हाईत. मग शिकारी जनावरापासून वाचायचं कसं?"

"अंगाच्या थोराडपणानं. वर शेपटीचा तडाखा."

सगळं तोंडपाठ! माझा संशय वाढला. उमरग्याच्या बैलबाजारातला दलालही असाच कुठं अडत नाही.

"विहिरीतून मोट ओढायला बैलजोडी लागते. मग एवढ्या उंच मानेत रक्त कसं चढायचं?"

मास्तरांनी चित्रातल्या मानेकडं पाहिलं. मग पोरांसमोरच म्हणाले, "ते मला ठाऊक नाही, काका. शोधावं लागेल."

मी सही केली नाही. ते जनावर मला अजून पटलेलं नाही. देवानं घडवलं असेल, तर त्यालाच माहीत. पण खोटा माल विकणारा "ठाऊक नाही" असं कधी म्हणाला आहे का? अर्जावर सही करण्याआधी तुम्हीही मास्तरांना एखादा अवघड प्रश्न विचाराल ना?