दोन पत्ते

दर दुसऱ्या सोमवारी पुढच्या दोन आठवड्यांचं काम ठरवायला आमची सहा जणांची सॉफ्टवेअर टीम बसते. प्रत्येकाकडे आकड्यांचे पत्ते असतात. काम जितकं अवघड वाटेल तितका मोठा आकडा निवडायचा आणि सगळ्यांनी पत्ते एकदम टेबलावर टाकायचे. एकाचं बघून दुसऱ्यानं ठरवू नये म्हणून. आमचे आकडे बहुतेक वेळा जुळतात. टीमचा प्रमुख म्हणून मी ते कौतुकानं सांगतही असे. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांची दमछाक का होते, हे मात्र कळत नव्हतं.

काल टेस्टिंग करणाऱ्या मेधाच्या हाताकडे सहज लक्ष गेलं. तिनं दोन पत्ते धरले होते. माझा पाचाचा पडला, तसा तिनं आठाचा मागे ठेवून पाचाचाच टाकला. बाकीच्यांच्या हातांतही दोन-दोनच होते.

पुढच्या कामाला मी पत्ता टाकलाच नाही. सगळे थांबले.

"सर, तुमचा?" मेधानं विचारलं.

"आज आधी तुमचा."

तिनं शेजारच्याच्या हाताकडे पाहिलं. चुकण्याचं माणसाला फारसं काही वाटत नाही, एकट्यानं चुकण्याचं वाटतं. थोडं चिडूनच मी खाली पाहिलं. एव्हाना माझ्याही बोटांत दोन पत्ते आले होते.