दोर बांधला, पाटी लावली

आता माझ्या शहाणपणाची ही गोष्ट माझ्याच तोंडून ऐका. शेळकेनं सांगितली तर तो मीठमसाला लावेल, आणि खरं सांगू? हिला त्याची गरजच नाही!

नागापूरच्या आमच्या कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली. दावेदार दोन. मी आणि पेंट शॉपचा शेळके. मॅनेजर भोसले साहेबांना डोंगर भटकायचं भारी वेड. म्हणाले, "रविवारी अकोले तालुक्यातल्या एका गुहेत जाऊ. तुम्ही दोघंही चला." ही सहल नाही, परीक्षा आहे, हे न कळायला मी काय दूधखुळा आहे?

शेळके आला एक बॅटरी आणि शेंगदाण्याची पुडी घेऊन. मी? तीन हेल्मेट, शंभर फूट नायलॉनचा दोर आणि एक लाल पाटी! आमच्याकडे बंद मशीनमध्ये हात घालण्याआधी आपल्या नावाची पाटी लटकवतात. ज्याची पाटी, त्यानंच ती काढायची. माझ्या पाटीवर मी खास रंगवून घेतलं होतं, 'धोका! हात लावू नये.' खाली माझं नाव. आणि त्याखाली, जरा घाईच झाली म्हणा, 'सुरक्षा अधिकारी'.

गुहेच्या तोंडाशी एका खुंटाला आधीच जाड दोर बांधलेला होता. त्याचं दुसरं टोक करवंदीच्या जाळीत गेलेलं. मी ओढून बघितला. हलेना! म्हटलं, वा, आधीच्या मंडळींनी पक्की सोय केलीय. त्याच दोराला मी आपला दोर बांधला, पाटी लटकवली आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला आवळलं.

शेळके म्हणाला, "ते टोक जाळीत कुठं गेलंय, बघून येऊ का?"

"शेळके, साहेबांचा वेळ घालवू नका!"

आत गेलो. आधी गुडघाभर पाणी, मग कमरेएवढं. वरून टपटप, खाली गाळ, आणि छत इतकं खाली की म्हातारा बैल बरा, असं वाकून चालायचं. मी पुढे, तोंडानं सुरक्षेचे नियम चालू. तिसऱ्या नियमाला कमरेला हिसका बसला आणि मी उलटा साहेबांच्या अंगावर!

"साहेब, पाण्याला ओढ आहे! धरा मला!"

"पाणी तर जागचं हलत नाही," शेळके म्हणाला.

"वरून दिसत नाही! आतून ओढतं!"

साहेबांनी माझा हात धरला, शेळकेनं पट्टा. ओढ वाढतच गेली. साहेब ओरडले, "अहो, दोर सोडा की!"

"माझी गाठ सुटत नसते साहेब!" मी अभिमानानं म्हणालो. काय जीभ म्हणायची ही!

तिघंही गाळातून घसरत, पोटावर, थेट गुहेबाहेर उन्हात. डोळ्यांतला चिखल पुसून बघतो, तर समोर म्हैस. तिच्या गळ्यातल्या दोराला माझा दोर, माझ्या दोराला मी, आणि मला लटकलेले मॅनेजर.

शेजारी एक म्हातारी, काठी टेकून. "आरं बाबांनो, म्हशीला कशापायी बांधून घेतलं सोताला? तिची पान्याची येळ झाली. म्या खुंटाचा दोर सोडला, तुमची गाठ सोडाया गेले, तवर निघाली बी ती!"

लाज वाटली हो, खूप वाटली.

"लागलं न्हाई ना?" ती म्हणाली. "लई शानी हाय म्हस. समद्यांस्नी भाईर काढलं बगा."

साहेबांनी पाटी हातात घेतली. नाव वाचलं. खालची ओळही वाचली. दोनदा वाचली. मग म्हातारीला म्हणाले, "राहू द्या आजी, तिलाच शोभते."

"व्हय, लाल हाय. दिष्ट न्हाई लागायची," म्हातारी खूश!

सोमवारी शेळके सुरक्षा अधिकारी झाला. मी पेढा खाल्ला, अभिनंदन केलं. पण तिकडे अकोल्याच्या डोंगरात एक म्हैस अजून गळ्यात माझं नाव आणि माझं पद घालून चरतेय. आणि तिच्या हाताखाली, ऐकून आहे मी, आजवर एकही अपघात झालेला नाही!