टांगेवाल्याने पाजलेला चहा

सराफ्यात टांग्याच्या चाकाखाली त्या चिनी फेरीवाल्याचा रेशमी कापडाचा गठ्ठा चिरडला, तेव्हा मी नवाच वकील होतो. लोकांनी दोघांना माझ्या कचेरीत आणलं. इंग्रजी कायद्यातला निष्काळजीपणा आणि नुकसानभरपाई फेरीवाल्याला समजावून मी लगेच दावा लिहायला बसलो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "वकीलसाहब, हमारे यहाँ गलती करने वाला सबके सामने चाय पिलाता है. मुकदमा जीत गया, तो कल इसी सड़क पर इससे आँख कैसे मिलाऊँगा?"

हे ऐकून कचेरीच्या पायरीशी उभ्या टांगेवाल्याने खालमानेने चहा मागवला. फेरीवाल्याने पहिला पेला दोन्ही हातांत धरून, वाकून, मला दिला. तो मध्यस्थाचा मान होता.

पुढे मी पुष्कळ दावे जिंकले. पण विरुद्ध पक्षाचा चहा पुन्हा कधी नशिबी आला नाही.