फटफटीची ओटी

डॉक्टरसाहेब गावाबाहेरून फटफटी ढकलत परत रिसोडातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानापाशी आले, तेव्हा घामाने निथळत होते. मागे रिठद गावचा पुंडलिक, वांग्या-मिरचीचा मळा करणारा. त्याची बायको अडली होती आणि सुईणीने हात टेकले होते.

फटफटी थोडी चालते आणि बंद पडते, जरा थांबलं की पुन्हा सुरू होते, असं डॉक्टर सांगत होते. पुंडलिक सारखा रिठदच्या रस्त्याकडे पाहत होता.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. पिस्टन खाली जाताना पेट्रोलची वाफ आणि हवा ओढतो, वर येताना दाबतो, तेवढ्यात प्लग ठिणगी टाकतो. भडका उडून पिस्टन खाली ढकलला जातो आणि तो जोर चेनवरून चाकाला मिळतो. तिन्हींतलं एक जरी रुसलं, की फटफटी म्हणजे नुसतं लोखंड.

प्लग काढून पाहिला. ठिणगी झकास, पण प्लग कोरडा. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. टाकीतून ते नळीने कार्बोरेटरच्या वाटीत उतरतं. नळी सोडली, तर थेंब थेंब. वाटी भरायलाच वेळ लागत होता.

लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर. सांडून कसं चालेल? डॉक्टरांचं घर समोरच. त्यांच्या आईला पातेलं मागितलं. म्हातारी ते घेऊन आली. मी टाकीच्या तळाचा कॉक, म्हणजे तोटीच, काढला आणि पेट्रोलबरोबर कुंकू लागलेले तांदूळ पातेल्यात पडले.

आदल्या दिवशी दसरा झाला होता. डॉक्टर आईकडे पाहतच राहिले.

"मीनंच टाकले," ती म्हणाली. "घरची लेक बाहेर निघाली त तिची ओटी भरा लागते ना. अन् हे त रोज माह्या पोराले घेऊन जाते."

डॉक्टर चिडले होते, पण ते ऐकून टाकी कलती धरायला पुढे झाले. वेळ दवडण्यात अर्थ नव्हता. मी पेट्रोल गाळायला फडकं शोधू लागलो, तर तिने लुगड्याचा पदरच पसरला. कॉक पुन्हा बसवला, तिने पदर टाकीच्या तोंडावर धरला आणि मी ओतत गेलो. फटफटीची ओटी म्हातारीच्या पदरात परत आली.

नळी जोडली, किक मारली. इंजिन धडधडलं. पुंडलिक मागे बसला आणि दोघे रिठदच्या रस्त्याला लागले. ते दिसेनासे होईस्तोवर म्हातारी पदर तसाच धरून उभी होती.

दिवेलागणीला डॉक्टर परतले. मुलगी झाली होती. मायलेकी दोघी सुखरूप. ते ऐकून म्हातारी ओट्यावर बसून रडली.

नंतर मी टाकीच्या तोंडात पितळेची बारीक जाळी बसवली. दर दसऱ्याला म्हातारी ओटी भरायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन जाळीवरचे तांदूळ वेचून आणायचो. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात, हे मी तिला कधी सांगितलं नाही.